कोबीवरील आळ

थायरॉइडचा विकार शहरांतील सुशिक्षित घरांना आतां परका राहिलेला नाहीं. रक्ततपासणीचा कागद हातीं पडला, कीं औषधाच्या गोळीच्याहि आधीं घरांत एक यादी येऊन दाखल होते. कोबी नको, फ्लॉवर नको, नवलकोल, मुळा आणि सलगम नको. सोयाबीन, शेंगदाणे, बाजरी यांना हात लावूं नये. मोहरी बेतानेंच, चहा-कॉफी जपून. ही यादी कोणी शेजारीण सांगते, कोणी आप्त लिहून पाठवितो, आणि जिच्यासाठीं ती येते ती गृहिणी निमूटपणें ताटांतील निम्म्या भाज्या वर्ज्य करते. पथ्य पाळणें हा या देशांतील जुना संस्कार आहे. म्हणून ही यादीहि आयुर्वेदाइतकीच जुनी असावी असा समज सहज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. सुश्रुतसंहितेंत गलगंडाचें वर्णन आहे हें खरें. परंतु कोबी हें पीकच या देशांत युरोपियन लोकांबरोबर आलें, आणि त्याचें मराठी नांवहि पोर्तुगीज भाषेंतून आलें. कोबीवरील आरोपाचा जन्म तर फारच अलीकडचा आहे. त्याचें गांव बाल्टिमोर आणि साल १९२८. तेथून हा आरोप घरोघर कसा पोंचला, आणि वाटेंत त्यांतील एक महत्त्वाची अट कशी गळून पडली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच; पण रुग्णाच्या ताटाशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

थायरॉइड ही ग्रंथि गळ्याच्या पुढल्या बाजूस श्वासनलिकेला बिलगून असते. आकार फुलपाखरासारखा, वजन १५ ते २० ग्रॅम. अन्नांतून येणारें आयोडीन वेंचून घेऊन त्यापासून ती थायरॉक्सिन नांवाचें द्रव्य तयार करते व तें रक्तांत सोडते. शरीराची ऊब, हृदयाची गति, मुलांची वाढ आणि गर्भांतील बालकाच्या मेंदूची घडण हीं सर्व या द्रव्यावर अवलंबून असतात. इतकें मोठें काम ज्यावर चालतें त्या आयोडीनची गरज मात्र आश्चर्यकारक लहान आहे. प्रौढ मनुष्याला दिवसाकांठीं १५० मायक्रोग्रॅम पुरतें. सत्तर वर्षांच्या आयुष्याचें सगळें आयोडीन एकत्र केलें, तरी तें ४ ग्रॅमहि भरत नाहीं. पण तेवढेंहि न मिळाल्यास ग्रंथि अधिक श्रम करूं लागते, आणि श्रमानें वाढते. गळ्यावर दिसणारी ती वाढ म्हणजेच गलगंड.

हें मूलद्रव्य सांपडलें तें एका युद्धाच्या निमित्तानें. नेपोलियनच्या काळांत फ्रान्सला बंदुकीच्या दारूसाठीं सोऱ्याची निकड होती. १८११ मध्यें बर्नार्ड कुर्त्वा हा सोऱ्याचा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेवर प्रक्रिया करीत असतां तींतून जांभळी वाफ उठली, आणि आयोडीनचा शोध लागला. पुढें १८२० मध्यें जिनिव्हाचे डॉक्टर कोंदे यांनीं ध्यानांत घेतलें, कीं गलगंडावर पिढ्यान् पिढ्या दिल्या जाणाऱ्या जळलेल्या समुद्रस्पंजाचा गुण या आयोडीनमुळेंच असला पाहिजे. त्यांनीं रुग्णांना आयोडीन दिलें आणि गांठी उतरूं लागल्या. औषधाचा बोलबाला इतका झाला, कीं लोक तें मन मानेल तसें घेऊं लागले; मग छाती धडधडणें, शरीर झडणें अशा तक्रारी सुरू झाल्या. स्वतः कोंदे यांनाच अतिरेकाविरुद्ध इशारा द्यावा लागला. जें थोडें घेतलें तर तारतें तेंच फार झालें तर मारतें, हा धडा या इतिहासांत असा आरंभींच लिहिलेला आहे. १८९५-९६ मध्यें जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांना ग्रंथींतच आयोडीन आढळलें. १९१४ मध्यें अमेरिकेंत केंडॉल यांनीं थायरॉक्सिन वेगळें काढलें. आणि १९२२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्यें व १९२४ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत आयोडीनयुक्त मीठ लोकांच्या स्वयंपाकघरांत गेलें. गलगंडाचें कोडें सुटलें, असें त्या वेळीं अनेकांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

तोंच बाल्टिमोरचे ससे पुढें आले. जॉन्स हॉपकिन्स येथें डॉक्टर ॲलन चेस्नी व त्यांचे सहकारी सशांवर प्रयोग करीत होते. प्रयोगांचा विषय थायरॉइड नव्हता. ते उपदंश रोगाचा अभ्यास करीत होते. परंतु तपासणींत त्यांना दिसलें, कीं सशांच्या थायरॉइड ग्रंथि कल्पनेबाहेर वाढल्या आहेत. रोगाचें बीज न टोंचलेल्या सशांचीहि तीच गत होती. कारण शोधतां शोधतां बोट येऊन टेकलें तें पिंजऱ्यांतील खाद्यावर. त्या सशांचें रोजचें मुख्य अन्न कोबी होतें. १९२८ मध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें, आणि एका निरुपद्रवी भाजीवर गलगंडाचा आळ आला. त्यानंतर लवकरच चेस्नी यांचे सहकारी वेब्स्टर यांनीं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सशांना कोबीबरोबर थोडें आयोडीन दिलें, तर गलगंड होत नसे. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा होता. लोकांच्या तोंडीं मात्र पहिलाच राहिला, आणि जी अट वाटेंत गळून पडली ती हीच.

या चौकशीचा एक धागा हिंदुस्थानांतहि गुंतलेला आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन हे लष्करी वैद्यकखात्यांतील डॉक्टर या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे १९०४ नंतरच्या कांहीं वर्षांत, गिलगिट येथें होते. तेथें एकाच ओढ्याच्या कांठीं वसलेल्या वस्त्यांत वरच्या गांवीं गलगंड कमी आणि जों जों खालीं जावें तों तों अधिक, असें त्यांना आढळलें. वरच्यांची घाण खालच्यांच्या पाण्यांत उतरते, हेंच त्याचें कारण असावें असा त्यांचा तर्क होता. आणि तो पडताळण्यासाठीं त्यांनीं कांहीं स्वयंसेवकांसह तें गढूळ पाणी स्वतः पिऊन पाहिलें. पुढें निलगिरींतील कुन्नूर येथें पोषणविषयक संशोधनाची जी प्रयोगशाळा त्यांनीं नांवारूपास आणली, तेथें त्यांचें लक्ष अन्नाकडे वळलें. सोयाबीन व भुईमूग यांच्या गलगंडकारक गुणाविषयींचा त्यांचा निबंध १९३३ च्या सुमाराचा आहे. घरगुती यादींत शेंगदाण्याचें नांव दिसतें त्याचें मूळ अशा प्रयोगांत आहे. हे प्रयोगहि प्राण्यांवरचे, आणि एकाच पदार्थावर पोसलेल्या प्राण्यांवरचे होते, ही गोष्ट येथेंहि विसरली गेली.

कोबींत असें काय आहे, याचा उलगडा होण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. १९४१ च्या सुमारास न्यूझीलंडमधील संशोधकांना मोहरीच्या कुळांतील बियांनीं उंदरांना गलगंड होतो असें आढळलें, आणि गंधकयुक्त थायोयुरिया वर्गाच्या द्रव्यांकडे संशय गेला. त्याच सुमारास बाल्टिमोर येथें अगदीं वेगळ्या औषधांचा अभ्यास चालू असतां तीं देखील ग्रंथीचें काम थांबवितात असें दिसलें. हे धागे बॉस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनीं एकत्र आणले आणि त्यांच्या मनांत एक उलटा विचार आला. जें द्रव्य ग्रंथीला आंवरतें, तें ज्यांची ग्रंथि बेफाम सुटली आहे त्यांना औषध कां होऊं नये? १९४३ मध्यें त्यांनीं थायोयुरिया व थायोयुरासिल हीं द्रव्यें अशा रुग्णांना देऊन गुण मिळविला. १९४९ मध्यें ॲस्टवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सलगमाच्या जातीच्या कंदांतून गलगंडकारक द्रव्य प्रत्यक्ष वेगळें काढलें. त्याचें नांव गॉइट्रिन. आज अतिक्रियाशील थायरॉइडवर जीं औषधें दिलीं जातात, त्यांचें कूळ या चौकशीपर्यंत जाऊन भिडतें. थायरॉइडचा विकार हा एक नसून निदान दोन परस्परविरुद्ध विकार आहेत, हेंहि यावरून ध्यानांत यावें. एकींत ग्रंथि मंद होते, दुसरींत ती अति वेगानें चालते. दोहोंना एकच यादी लावणें म्हणजे ताप आणि गारठा यांना एकच पांघरूण घालणें होय.

कोबीच्या पानांत गॉइट्रिन आयतें भरलेलें नसतें. त्याचें मूळ द्रव्य एका कप्प्यांत असतें आणि त्याचें रूपांतर करणारें एन्झाइम दुसऱ्या. पान चिरलें किंवा चावलें, कीं दोघांची भेट होते. शिजवितांना हें एन्झाइम उष्णतेनें निकामी होतें, आणि कांहीं द्रव्य पाण्यांत उतरून जातें. याच कुळांतील भाज्यांपासून थायोसायनेट नांवाचें आणखी एक द्रव्य बनतें. तें ग्रंथीच्या दारांतच आयोडीनची वाट अडवितें. दारापाशीं आयोडीन पुरेसें असेल, तर ही अडवणूक फार टिकत नाहीं. गॉइट्रिनची अडवणूक त्याच्या पुढल्या पायरीवरची असल्यामुळें केवळ आयोडीननें ती पुरती सुटत नाहीं. पण शिजविलेल्या भाजीच्या वाटींत त्याचा अंशच फार थोडा असतो. १९८६ मध्यें ब्रिटनमधील संशोधकांनीं दहा निरोगी माणसांना ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीचे छोटे गड्डे, शिजवून रोज १५० ग्रॅम याप्रमाणें चार आठवडे दिले. त्यांच्या थायरॉइडच्या कामांत कांहींहि फरक पडला नाहीं. याच्या उलट न्यूयॉर्कमधील एका वृद्ध स्त्रीची हकीकत २०१० मध्यें वैद्यकीय नियतकालिकांत आली. ती कित्येक महिने रोज एक ते दीड किलो चिनी कोबी कच्चाच खात होती. तिचा थायरॉइड इतका मंदावला, कीं ती बेशुद्धीच्या अवस्थेंत रुग्णालयांत दाखल झाली. या दोन उदाहरणांत भाजीचें कूळ एकच आहे. भेद आहे तो मापाचा आणि चुलीचा.

मग माणसांत अन्नामुळें गलगंड होतच नाहीं काय? होतो, आणि कोठें होतो हें पाहिलें म्हणजे गळलेली अट पुन्हां सांपडते. आफ्रिकेंतील किवू सरोवरांत इजवी नांवाचें बेट आहे. तेथील जमिनींत आयोडीन अत्यल्प. बेटाच्या उत्तरेस गलगंड फार, दक्षिणेस त्या मानानें पुष्कळच कमी. आयोडीनची उणीव मात्र दोन्हीकडे सारखी. १९७० च्या आगेमागे बेल्जियन संशोधकांनीं शोध केला, तेव्हां दोष आढळला कसावाच्या कंदांत. या कंदांत सायनाइड देणारें द्रव्य असतें आणि शरीरांत त्याचें थायोसायनेट बनतें. सुदानमधील दारफूर प्रांतांत बाजरी हेंच ग्रामीण जनतेचें प्रमुख अन्न. तेथील गलगंडाचा अभ्यास होऊन १९८९ मध्यें बाजरींतील ग्रंथिरोधक द्रव्यें दाखविण्यांत आलीं. तेथेंहि आयोडीनची उणीव होतीच. १९५९-६० मध्यें अमेरिकेंत सोयाबीनच्या दुधावर वाढणाऱ्या कांहीं तान्ह्या बाळांना गलगंड झाला. त्या बाळांना दुसरें अन्न नव्हतें आणि त्या दुधांत पुरेसें आयोडीन नव्हतें. बाळांच्या सोयादुधांत आयोडीन घालण्यास सुरुवात झाल्यावर असा गलगंड दिसेनासा झाला. बेट निराळें, धान्य निराळें, खंड निराळा. परंतु दोन गोष्टी प्रत्येक ठिकाणीं हजर आहेत. एकच पदार्थ पोट भरण्याचें मुख्य साधन होता, आणि त्याच्या जोडीला आयोडीनचा दुष्काळ होता.

आयोडीनचा हा दुष्काळ दूर केला तर काय होतें, याचा भारतांतील पुरावा कांगडा खोऱ्यांतला आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं असलेल्या या खोऱ्यांत गळ्याच्या गांठी ही घरोघरची गोष्ट होती. १९५६ पासून डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी यांनीं सुमारें एक लाख वस्तीचा हा प्रदेश तीन विभागांत वांटून त्यांपैकीं दोहोंना आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्याला साधें मीठ पुरविण्याची व्यवस्था केली. पांच-सहा वर्षांनीं पाहणी झाली, तेव्हां पहिल्या दोन विभागांत गलगंडाचें प्रमाण ठळकपणें उतरलेलें होतें आणि तिसऱ्यांत तें जागचें हाललें नव्हतें. पुढें तिसऱ्या विभागालाहि तेंच मीठ मिळालें आणि तेथेंहि गांठी कमी झाल्या. या दीर्घ अभ्यासाचा जो अहवाल १९७३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, त्यावर देव आणि करमरकर हीं नांवेंहि आहेत. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं कांगड्यांतील लोकांची कोणतीहि भाजी बंद करण्यांत आली नव्हती. बदललें तें फक्त मीठ. १९६२ मध्यें राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून आयोडीन नसलेलें मीठ खाण्यासाठीं विकण्यास देशभर पुन्हां बंदी झाली. ग्राहकाच्या हातीं पडणाऱ्या मिठांत दर दहा लक्ष भागांत निदान १५ भाग आयोडीन असावें, असा दंडक आहे.

असें मीठ रोज पोटांत जात असतां शहरांतील स्त्रियांना थायरॉइडचा विकार कां व्हावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर १९१२ मध्यें हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्यानें वर्णिलेल्या रोगांत मिळतें. या रोगांत शरीराची संरक्षक शक्तिच चुकून स्वतःच्या ग्रंथीवर उलटते. ज्या देशांत आयोडीन पुरेसें मिळतें, तेथें ग्रंथि मंदावण्याचें हेंच मुख्य कारण होय. हा रोग कोबीनें येत नाहीं, आणि कोबी सोडल्यानें जात नाहीं. उलट अशा रुग्णानें अधिक गुणाच्या आशेनें आयोडीनचा मारा केला, तर अपाय होण्याचा संभव असतो. जपानमधील होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर कोंबू नांवाचें समुद्रशेवाळ भरपूर खाणाऱ्या कोळ्यांत आयोडीनच्या अतिरेकानेंच गलगंड होतो, असें १९६५ मध्यें सिद्ध झालें. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅमांतहि दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट आयोडीन असतें. बाजारांत शक्तिवर्धक म्हणून मिळणाऱ्या समुद्रशेवाळाच्या गोळ्या घरगुती यादींत सहसा नसतात. खरें तर आवर घालण्याच्या पदार्थांत त्यांचा मान पहिला आहे. जिनिव्हाच्या डॉक्टरांचा दोनशे वर्षांपूर्वींचा इशारा येथें पुन्हां आठवतो.

राहिला प्रश्न पेयांचा. चहा-कॉफीचा दोष ग्रंथीशीं निगडित नसून गोळीशीं निगडित आहे. मंद थायरॉइडवर जी थायरॉक्सिनची गोळी दिली जाते, ती आंतड्यांतून रक्तांत शिरण्यास मोठी नाजूक असते. २००८ मध्यें इटालींतील डॉक्टरांनीं असे रुग्ण दाखवून दिले, कीं ज्यांना गोळी लागूच पडत नव्हती. ते ती सकाळच्या कडक कॉफीबरोबर घेत असत. पाण्याबरोबर घेऊन कॉफी मागाहून पिऊं लागतांच गुण येऊं लागला. लोहाच्या गोळीनें थायरॉक्सिन अडतें हें १९९२ मध्यें, आणि कॅल्शियमनें अडतें हें २००० मध्यें दिसून आलें. दूध व सोयाबीन यांचाहि असाच अडथळा होऊं शकतो. म्हणून सकाळीं उठल्यावर गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, अर्धा ते एक तास थांबावें, मग चहा प्यावा; आणि लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांना चार तासांचें अंतर द्यावें, असा सल्ला डॉक्टर देतात. ज्या घरांत पहिला चहा डोळे उघडण्यापूर्वींच हवा असतो, तेथें हें पथ्य कोबीच्या पथ्यापेक्षां जड जातें. परंतु फळ मिळतें तें यांतच.

आतां त्या यादीकडे पुन्हां पाहिलें, तर तिच्यांतील बरींच नांवें गळून पडतात. शिजविलेल्या कोबीची, फ्लॉवरची किंवा नवलकोलाची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, फोडणींतील चिमूटभर मोहरी, थंडींतील बाजरीची भाकरी आणि तिळगूळ यांनीं आयोडीन मिळणाऱ्या माणसाची ग्रंथि बिघडत नाहीं. कच्च्या कोबीचे पेले दररोज रिचविणें, महिनोन् महिने एकाच धान्यावर किंवा केवळ सोयाबीनवर राहणें, शेवाळाच्या गोळ्या आपल्या मनानें घेणें, हीं मात्र खरोखर टाळण्याचीं. अतिक्रियाशील ग्रंथीच्या रुग्णाचीं आणि गर्भवतीचीं पथ्यें वेगळीं असतात, आणि तीं डॉक्टरांनींच ठरवावयाचीं असतात.

एक धोका मात्र असा आहे, कीं जो यादींत कोठेंच लिहिलेला नसतो. अलीकडे अनेक घरांत आरोग्याच्या नांवाखालीं रोजचें मीठ जाऊन त्याच्या जागीं शेंदेलोण आलें आहे. वरून आयोडीन घातलेलें नसेल, तर या खनिज मिठांत तें नगण्य असतें. उपवासाच्या दिवशीं साबुदाण्याच्या खिचडींत तें पडलें म्हणून कांहीं बिघडत नाहीं. साबुदाणा कसावाच्याच कंदाचा असला, तरी तो करतांना कंदाचा पिष्टभाग धुऊन काढतात, आणि उपवास हा रोजचा नव्हे. परंतु वर्षानुवर्षें सर्व स्वयंपाक त्याच मिठांत होऊं लागला, तर इजवी बेटावरची आणि जुन्या कांगड्यांतली उणीव शहरांतल्या सुखवस्तु घरांत पैसे देऊन विकत आणल्यासारखें होतें. त्याचा पहिला फटका बसतो तो घरांतील गर्भवतीला व तिच्या पोटांतील बाळाला. कारण तिची आयोडीनची गरज वाढून दिवसाला २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, आणि बाळाच्या मेंदूची जी घडण त्या महिन्यांत राहून जाते ती मागाहून भरून काढतां येत नाहीं. बाल्टिमोरच्या सशांना कोबीबरोबर थोडें आयोडीन मिळालें असतां ते वांचले. ज्या घरांत कोबी वर्ज्य केला जातो आणि त्याच वेळीं आयोडीनचें मीठहि बंद होतें, त्या घरानें नेमकी उलट वस्तु टाकलेली असते.